शिरोडा ते हरमल: एका दिवसात पहिली लाट, फेरीबोट आणि तेरेखोलचा किल्ला

सर्फिंगला पहिल्यांदा जायचं ठरलं की लोक आधी कपडे बघतात, मग क्लास, मग राहायची सोय. माझं सांगणं असं की सगळ्यात आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. या सहलीत सकाळची लाट, दुपारची फेरीबोट आणि संध्याकाळचा किल्ला, तिन्ही भरती-ओहोटीवर चालतात. तिथी नीट निवडली तर दिवस आपोआप जुळून येतो. चुकली तर सकाळी लाट किनाऱ्यावर आपटत असते आणि दुपारी फेरीच्या धक्क्यावर ताटकळावं लागतं.

मार्ग असा आहे. पहाटे सिंधुदुर्गातल्या शिरोड्याहून निघायचं, आरोंदा-किरणपाणी पुलावरून गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरायचं आणि हरमल किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावर सकाळी सर्फिंगचा क्लास घ्यायचा. मग जेवण, हरमलचं गोड्या पाण्याचं तळं, केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, किल्ला, वाटेत रेडी आणि परत शिरोडा. एक फेरा पूर्ण होतो आणि गेलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरून शिरोडा, वेंगुर्ले किंवा सावंतवाडीत मुक्काम करावा. मोपाच्या विमानतळावर किंवा पेडणे स्टेशनवर उतरणाऱ्यांनी हरमललाच राहावं आणि फेरीने तेरेखोल-रेडी करून पुलावरून परतावं. दुचाकी असेल तर उत्तमच, चारचाकीलाही अडचण नाही.

महिना कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चही चालतो, पण दुपारचं ऊन सोसत नाही. जून ते सप्टेंबर या समुद्रात शिकाऊ माणसाने पाय घालू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे दर्या शांत झाला असं आपण म्हणतो. पण ते होडी घेऊन जाणाऱ्या, समुद्र जन्मभर पाहिलेल्या माणसांसाठी खरं आहे. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबा. थंडीत इथल्या लाटा गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कधी त्याहून थोड्या मोठ्या असतात. सराईत सर्फर त्यांना लाट म्हणणार नाहीत, पण शिकायला त्याच हव्यात.

तिथीवरून भरती कशी काढायची

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, गणित तेच. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला भरती. त्याच्या पुढेमागे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला इकडे सुकती म्हणतात. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि पाण्याची ओढही सौम्य. पहिल्यांदा शिकणाऱ्याला भांगाचे दिवस बरे.

आता सप्तमीचा हिशोब करून बघा. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती, साडेअकराला सुकती आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आगेमागे पुन्हा भरती. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात पाणी अर्ध्यावर असतं आणि उतरत असतं. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच लागतं आणि लाट फुटून पांढरा फेस होऊन लांबवर सरळ वाहत येते. शिकायला याहून चांगली स्थिती नाही. दुपारी साडेतीनला पाणी पुन्हा चढत असतं, म्हणजे फेरीची काळजी नाही.

चतुर्दशीला मात्र भरती साडेदहाला. सकाळ छान जाते, पण दुपारी पाचच्या सुमाराला उधाणाची सुकती असते. खाडीत पाणी फार उतरलं की केरीची फेरी थांबू शकते. दशमीला भरती साडेसातलाच, म्हणजे ऐन क्लासच्या वेळी लाट थेट उतारावर येऊन आपटणार. म्हणून माझी पसंती षष्ठी, सप्तमी, अष्टमी. हा हिशोब अंदाजाचा आहे. निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर पाहून वेळ पक्की करा.

गेल्या खेपेला मांद्र्याला सर्फिंगची फळी घेऊन पाण्याकडे जात होतो. वाळूत रापणीचं जाळं सोडवत बसलेल्या एका आजोबांनी मान वर न करताच विचारलं, "आज सप्तमी मां? मगे दुपारपर्यंत सुकतच रवतला." मी मोबाइलवर जे दहा मिनिटं शोधलं होतं ते त्यांना बोटांच्या पेरांवर माहीत होतं.

सकाळच का

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे उपयोगी पडतं. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. या मतलई वाऱ्याने पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं आणि लाट एकसारखी उठते. ऊन चढलं, जमीन तापली की दहा-अकरानंतर वारा उलटा, समुद्रावरून येऊ लागतो. मग पाण्यावर बारीक बारीक खळबळ होते, लाटा वेड्यावाकड्या फुटतात आणि नवख्या माणसाला कुठली धरावी तेच कळत नाही. क्लासला दुपारची वेळ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

क्लास निवडताना

हंगामात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यात सर्फिंग शिकवणारे मिळतात. आधी फोन करून वेळ ठरवा आणि फोनवरच चार गोष्टी विचारा. एका शिक्षकाकडे किती जण असतात? चारपेक्षा जास्त असतील तर नको. शिकाऊंना मऊ फळी देतात का? म्हणजे वरून फोमचं आवरण असलेली, आठ ते नऊ फूट लांबीची. पाण्यात उतरण्याआधी वाळूवर किती वेळ शिकवतात? अर्धा तास तरी हवा. आणि समुद्र खवळलेला असेल तर क्लास पुढे ढकलतात का? स्वतःहून "आज नको, उद्या या" म्हणणारा शिक्षक सापडला तर त्याला सोडू नका.

हे एवढं खोदून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी भाच्याला घेऊन एका ठिकाणी गेलो. एक शिक्षक, आठ मुलं, आणि आजूबाजूला डुंबणाऱ्यांची गर्दी. दुसऱ्याच लाटेला कोणाची तरी सुटलेली फळी येऊन भाच्याच्या ओठावर बसली. तीन टाके पडले. फळी मऊ होती म्हणून दात वाचले. गर्दी दिसत असूनही मी पैसे भरले आहेत म्हणून गप्प राहिलो, ते मला आजही लागतं. तुम्हाला गर्दी दिसली तर क्लास तिथेच थांबवा.

पोहता येणं हवं. पट्टीचं नको, पण पाय टेकत नसतील तर घाबरून न जाता पाठीवर तरंगता आलं पाहिजे. येत नसेल तर शिक्षकाला आधी सांगा, लाजू नका. वयाची अट नाही. माझी थोरली बहीण सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा फळीवर उभी राहिली. दम्याचा, हृदयाचा किंवा खांदा निखळण्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पिशवीत काय

लांब बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टीशर्ट, म्हणजे रॅशगार्ड. सुती बनियन नको, ते पाणी पिऊन जड होतं आणि फळीवर घासून छाती-पोट सोलून निघतं. खाली गुडघ्यापर्यंत घट्ट पँट किंवा लेगिंग. ओठांना आणि पायाच्या मागच्या बाजूला आठवणीने सनस्क्रीन लावा, कारण पोटावर झोपून पोटऱ्या भाजतात. अंगठी, मंगळसूत्र, कानातलं घरी ठेवा. चष्मा असेल तर दोरी बांधा. कोरडे कपडे, टॉवेल, पाण्याची मोठी बाटली, दोन केळी. निघताना अर्धा कप चहा आणि एक केळं एवढंच खा. पोट भरून फळीवर पालथं पडलं की काय होतं ते सांगायला नको.

वाळूवरचा अर्धा तास

पाण्याची घाई झालेली असते, पण सर्फिंग अर्धं इथेच शिकून होतं.

आधी कुठला पाय पुढे ते ठरतं. पाय जुळवून उभे राहा आणि मागून कोणालातरी नकळत हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय पुढे पडला तो पुढचा. डावा असो वा उजवा, फरक पडत नाही. फळीची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. ती घट्ट हवी, पण बोट आत गेलं पाहिजे.

मग वाळूत फळीचा आकार काढतात आणि त्यावर पालथं झोपवतात. पायाची बोटं फळीच्या शेपटीजवळ, शरीर बरोबर मधल्या रेषेवर. हाताचे तळवे छातीच्या बाजूला, बरगड्यांशी सपाट. सूर्यनमस्कारात भुजंगासनाला हात जिथे टेकवतो साधारण तिथेच. बरेच जण फळीच्या कडा घट्ट धरतात आणि उठताना फळीच उलटी करतात. कडा धरायच्या नाहीत. तळवे दाबायचे, छाती उचलायची, मागचा पाय आडवा टेकवायचा, पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये आणायचा आणि गुडघे वाकवलेले ठेवून वर यायचं. कंबरेत वाकून उभं राहिलं की तोल जातो. बसायचं ते गुडघ्यांत. ही हालचाल दहा-पंधरा वेळा तरी करा, दम लागेपर्यंत. आधी गुडघ्यांवर उभं राहून मग उठायची सवय लागली तर ती मोडायला फार जड जाते.

आणि नजर. पायाकडे बघितलं की माणूस पडतो. किनाऱ्यावरचं एक माडाचं झाड ठरवून ठेवा आणि उठताना त्याच्याकडेच बघा.

पाण्यात

पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत सरकवत चाला. उथळ वाळूत पाखट, म्हणजे स्टिंगरे मासा, बसलेलं असतं. पाय घासत आलात तर ते आधीच निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. फळी कडेला ठेवा, कधीही स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये नको. लाट ती उचलून तोंडावर आणते. मोठा फेस आला तर फळीचं नाक लाटेकडे करून घट्ट धरा.

पहिल्या दिवशी न फुटलेली हिरवी लाट धरायची नसते. फुटून फेस झालेली लाट धरायची. कमरेएवढ्या पाण्यात फळी किनाऱ्याकडे वळवून झोपा, नाक पाण्याच्या तीन-चार बोटं वर राहील असं. नाक बुडत असेल तर थोडं मागे सरका. शेपूट फार बुडून फळी ओढल्यासारखी होत असेल तर पुढे. एवढ्याशा सरकण्याने सगळं बदलतं. पहिले काही प्रयत्न उठूच नका, नुसतं झोपून किनाऱ्यापर्यंत या. वेग कसा येतो, फेस कसा फळीखाली शिरतो, हे अंगाला कळू द्या.

मग शिक्षक मागून फळी ढकलतात आणि ओरडतात, "उठ!" बहुतेक जण तेव्हाच, म्हणजे लवकर उठतात. थांबा. लाटेने फळी पकडली की खालीवर होणारा हेलकावा संपतो आणि फळी एकदम सरळ, घसरगुंडीसारखी पळू लागते. तो बदल पोटाला कळतो. एक श्वास घ्या आणि मग उठा. मी पहिल्यांदा उभा राहिलो तो फार तर तीन सेकंद. पण फेसाचा आवाज पायाखाली गेला, माड माझ्याकडे सरकत आला आणि पायाखालून कोणीतरी मला उचलून पुढे नेत आहे असं वाटलं. होडीत बसून ते कधी वाटलं नव्हतं.

पडताना डोकं पुढे करून सूर मारू नका आणि ताठ पायांवर उडीही घेऊ नका. बाजूला, फळीपासून दूर, अंग पसरून आडवे पडा. पाणी उथळ असतं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरून या, कारण फळी दोरीने तुमच्याकडेच परत येत असते. दोरी बोटाला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका.

ओढ ओळखायची कशी

लाटा फुटत असताना मध्येच एका पट्ट्यात पाणी शांत, थोडं गढूळ दिसतं आणि फेस उलटा आत जाताना दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. तिथेच ओढ, म्हणजे माणसाला समुद्रात आत खेचणारा प्रवाह, असते. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, त्यात फक्त दम जातो. फळी सोडू नका, ती तरंगते. तिच्यावर पालथे पडा, एक हात वर करून हाक द्या आणि किनाऱ्याला समांतर बाजूला वल्हवा. पट्टा अरुंद असतो. तो ओलांडला की लाटाच तुम्हाला परत आणतात.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून सरकारने नेमलेले जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहणारे असतात, तिथे फळी न्यायची नाही. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. खाडीच्या मुखाशी कधी उतरू नका. केरीचा किनारा दिसायला फार सुंदर आहे, पण तेरेखोल नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी खोल आणि फसवं. तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा.

दीड-दोन तासांत हात शिसं झाल्यासारखे होतात. अजून एक लाट, अजून एक, असं मन म्हणतं. माणूस दमतो आणि इजा होते ती याच वेळी. शिक्षकांनी वेळ संपली म्हटलं की बाहेर या.

दुपार

गोड्या पाण्याने अंघोळ, शहाळं आणि मग जेवण. उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशाचं कालवण, तळलेला बांगडा आणि सोलकढी. सर्फिंगनंतरच्या भुकेला याहून चांगलं काही मला ठाऊक नाही. त्यावर तासभर सावलीत पडा.

उन्हाचा चटका कमी झाला की हरमलच्या उत्तर टोकाला जा. दुकानांच्या रांगेतून कड्याला लागून पाऊलवाट जाते. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा छोटा किनारा लागतो. एका बाजूला समुद्र आणि वाळूच्या पट्ट्यापलीकडे झाडीत लपलेलं गोड्या पाण्याचं तळं. पाहायलाच जा, तळं खोल आहे. दमलेल्या अंगाने पुन्हा पोहू नका. मांद्रे-मोरजीच्या वाळूत हंगामात कासवांची अंडी कुंपण घालून राखलेली दिसतील. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. कुंपणापासून लांब राहा आणि कुत्रे तिकडे जात असतील तर हाकला.

साडेतीनपर्यंत केरीच्या धक्क्यावर पोचा. फेरीबोट गाड्या आणि माणसं एकत्रच घेते, काही मिनिटांत पलीकडे. बोट बंद असेल तर वाद घालत बसू नका, किरणपाणी-आरोंदा पूल आहेच, तिकडून रेडी गाठता येते.

तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला, तीन बाजूंनी महाराष्ट्र आणि पाणी, तरी गोव्याचं. किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. आत संत अँथनीचं पांढरं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. या बाजूला उभं राहिलं की समोर केरीची वाळू, मधे नदीचं मुख, आणि सकाळी पाण्यात शिरताना ज्या ओढीबद्दल सांगितलं ती वरून स्पष्ट दिसते. फेसाच्या रेषा जिथे तुटतात, तिथे पाणी आत जातंय. मी प्रत्येक नवख्याला इथे दहा मिनिटं उभं करून ते शोधायला लावतो.

पुढे रेडी. १९७६ साली इथल्या खाणीत सापडलेली दोन हातांची भव्य गणेशमूर्ती आणि वडाच्या मुळांनी विळखा घातलेला यशवंतगड, दोन्ही उजेड असेपर्यंत होतात. मग शिरोड्याची मिठागरं. १९३० साली इथेही मिठाचा सत्याग्रह झाला होता.

रात्री झोपण्याआधी रॅशगार्ड गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला, नाहीतर मिठाने कडक होतो. दुसऱ्या दिवशी खांदे, बरगड्या आणि मानेची मागची बाजू दुखणार, ते चांगलंच लक्षण. कानात पाणी राहिलं असेल तर काडी घालू नका, त्या कुशीवर झोपा. आणि दुसरा क्लास शिक्षकांकडे त्याच दिवशी सांगून ठेवा. पुढची सप्तमी पंधरा दिवसांनी आहे.